दोन-अडीच लाख किलोमीटर झालेली डिझेल मर्सिडीज: इंजिनचं कोणतं काम घरी करायचं, कसं करायचं आणि कुठे थांबायचं

जुनी डिझेल मर्सिडीज ई २२० सीडीआय, डब्ल्यू २११ बॉडीवाली (हा त्या पिढीच्या ई-क्लासचा कंपनीचा कोड), आज एखाद्या नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशात मिळते. मिळते म्हणून लोक हौसेने घेतात, आणि मग सहा-आठ महिन्यांत कुठल्यातरी गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं की साहेब इंजिनचं काम निघालंय, हेड (सिलिंडरांवरचं इंजिनचं झाकण) उतरवावं लागेल, लाखाच्या वर जाईल. तिथून पुढे ती गाडी सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हर घालून उभी. मला हे बघवत नाही, कारण यातल्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन ठणठणीत असतं. गेलेलं असतं ते इंजिनच्या आजूबाजूचं काहीतरी, एखादा तांब्याचा वायसर, एखादा रबरी पाइप, थर्मोस्टॅट नाहीतर सेन्सर, आणि ते शोधायला कुणी वेळ देत नाही म्हणून डायरेक्ट मोठं काम सांगितलं जातं.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, आणि ते एकाच इंजिनबद्दल लिहितोय. ओएम ६४६, चार सिलिंडर, २१४८ सीसी, कॉमन रेल, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकाच सामाईक नळीतून जास्त दाबाचं डिझेल. डब्ल्यू २११ जगभरात २००२ ते २००९ पर्यंत बनली आणि आपल्याकडे विकल्या गेलेल्या बहुतेक गाड्या पुण्यातच जोडल्या गेल्या, त्यामुळे आपल्या भागात हे इंजिन माहीत असलेले जुने मेकॅनिक अजून सापडतात आणि पार्टही मिळतात. याच्या आधीचं ओएम ६११ पण याच घराण्यातलं, त्यामुळे खालचं बरंचसं त्यालाही लागू पडतं. पेट्रोलवाल्यांसाठी मात्र नाही.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या, आधी मोजायचं आणि मग उघडायचं. अंदाजाने पार्ट बदलत बसलात तर या गाडीत खिसा रिकामा होतो आणि प्रॉब्लेम तिथेच राहतो. कुणी म्हणतं इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) गेले, कुणी म्हणतं टर्बो गेला, कुणी पंप म्हणतं, आणि तिघंही बोनेट न उघडता बोलतात. मोजायला फार काही लागत नाही, एक बऱ्यापैकी स्कॅनर, एक मल्टीमीटर आणि थोडा साबणाचा फेस.

स्कॅनरचं सांगतो. हजार रुपयांच्या आतला ब्लूटूथ ओबीडीवाला डोंगल (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावून मोबाइलवर बघायचा) इंजिनचे साधे कोड वाचतो आणि थोडा लाइव्ह डेटा दाखवतो, सुरुवातीला तेवढ्यावर बरंच कळतं. पण मर्सिडीजसाठीच बनवलेला हातातला स्कॅनर घेतला तर गिअरबॉक्स, ब्रेक, एअरबॅग असे सगळे मॉड्यूल दिसतात, आणि गाडी ठेवायचीच ठरवली असेल तर हा खर्च पहिल्याच वर्षी वसूल होतो. प्रत्येक सिलिंडरला कंप्युटर किती डिझेल कमी-जास्त देतोय ते नीट बघायचं असेल तर स्टार डायग्नोसिस, म्हणजे मर्सिडीजची स्वतःची तपासणी सिस्टिम लागते. ती घरी नसते, पण बाहेरच्या जर्मन गाड्या करणाऱ्या गॅरेजमध्ये असते आणि फक्त स्कॅनिंगचे पैसे देऊन रिपोर्ट घेता येतो. रिपोर्टचा फोटो मागून घ्या, नुसतं तोंडी ऐकून येऊ नका.

लाइव्ह डेटात मी काय बघतो, तर पहिलं कुलंटचं तापमान. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर ते ८५ ते ९० च्या आसपास स्थिर पाहिजे. हायवेला ७० वर घसरत असेल तर थर्मोस्टॅट उघडा राहिलाय. लोक म्हणतात थंड चालतंय ना, मग चांगलंच आहे. अजिबात चांगलं नाही, इंजिन थंड राहिलं की ॲव्हरेज पडतं, काजळी वाढते आणि ऑइल लवकर खराब होतं. दुसरं रेल प्रेशर, म्हणजे त्या सामाईक नळीतला दाब, आयडलला साधारण तीनशे बारच्या आसपास असतं आणि या सिस्टिमची कमाल १६०० बारची आहे. आकडा स्थिर आहे की नाचतोय ते बघा. तिसरं एअर मास सेन्सरचं रीडिंग आणि टर्बोचं प्रेशर, हे दोन्ही पाय दाबल्यावर किती लवकर वर जातात ते. हे आकडे गाडी चांगली असतानाच एकदा वहीत लिहून ठेवा, पुढे बिघाड झाला की तुलनेला तेच कामी येतात.

१६०० बार म्हटलं म्हणून लगेच सांगतो, यात मस्करी नाही. चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइपचा नट कधीही ढिला करायचा नाही. जुन्या इंजिनवर पाइप ढिला करून कुठला सिलिंडर मिसिंग मारतोय ते बघायची जी पद्धत होती ती इथे चालत नाही. लीकेज बघायला बोट फिरवायचं नाही, त्या प्रेशरचं डिझेल कातडीतून आत घुसतं, बाहेरून नुसता टाचणीएवढा ठिपका दिसतो आणि आत बोट सडायला लागतं. तसं कधी झालंच तर दुखो न दुखो, सरळ हॉस्पिटल. लीकेज बघायचं पुठ्ठ्याचा तुकडा धरून. इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ थांबून मगच पाइपला हात लावा. आणि रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन चावी काढल्यावरही फिरू शकतो, त्याच्यापासून बोटं लांब.

जागा सपाट पाहिजे आणि हवेशीर पाहिजे, बेसमेंटमध्ये डिझेल इंजिन चालू ठेवून टेस्टिंग करू नका. जॅक फक्त सिलखालच्या (दरवाजांखालच्या पट्टीखालच्या) रबरी पॅडवरच लावायचा आणि खाली जायचं असेल तर घोड्या (गाडी पेलणारे स्टँड) लावल्याशिवाय जायचंच नाही, जॅक कितीही भारी कंपनीचा असला तरी. मुख्य बॅटरी डिकीत आहे, वायरिंगचं काम असेल तर तिकडून निगेटिव्ह काढा. आणखी एक, ही गोष्ट इंजिनची नाही पण याच गाडीत हात घालणाऱ्याला माहीत पाहिजे, २००६ च्या फेसलिफ्टच्या आधीच्या डब्ल्यू २११ ला एसबीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पंपाने चालणारे ब्रेक आहेत, त्यात नुसता दरवाजा उघडला तरी पंप आपोआप प्रेशर बनवतो. बोटं कॅलिपरमध्ये असताना ते झालं तर बोटं जातील. सिस्टिम स्कॅनरने झोपवल्याशिवाय त्या ब्रेकना हात लावू नका.

हत्यारांमध्ये साध्या गोट्यांच्या सेटबरोबर ई-टॉर्क्सच्या गोट्या लागतात, म्हणजे बाहेरून चांदणी असलेल्या बोल्टच्या, त्याशिवाय या गाडीत पानही हलत नाही. टॉर्क रेंच, म्हणजे मोजून ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना, दोन घ्या, एक छोटा ५ ते २५ न्यूटन-मीटरचा आणि एक मोठा. छोट्यावर काटकसर करू नका, खाली कळेल का ते. पार्ट घेताना चासी नंबर देऊनच घ्या, कारण एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत पाइप वेगळे निघतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस इथे विचारता येतं, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने काढलेले पार्ट मिळतात, पण जुना माल ब्रॅकेट, कव्हर, पाइपचं मेटल अशा गोष्टींसाठीच ठीक. सेन्सर, सील, रबर हे कधीच जुनं घेऊ नका.

आता मुख्य विषयाकडे येतो, कारण या इंजिनवर सगळ्यात जास्त गैरसमज आणि सगळ्यात जास्त लूट इथेच होते. बोनेट उघडून वरचं प्लास्टिकचं कव्हर ओढून काढलं की मध्ये चार इंजेक्टर दिसतात. त्यातल्या एखाद्याभोवती रस्त्यावरच्या डांबरासारखा काळा कडक थर साचलेला असेल, कधीकधी इतका की इंजेक्टर दिसतच नाही, तर घाबरू नका. याला जगभर ब्लॅक डेथ म्हणतात, नाव भयानक आहे पण कारण साधं आहे. प्रत्येक इंजेक्टरच्या तळाशी तांब्याचा एक वायसर असतो आणि इंजेक्टर एका क्लॅम्पने आणि एकाच बारीक बोल्टने खाली दाबून धरलेला असतो. तो बोल्ट ताणला जाणारा आहे, एकदाच वापरायचा. वय झालं किंवा आधी कुणी जुनाच बोल्ट परत लावला की दाब कमी होतो, वायसरच्या कडेने जळालेला गॅस वर यायला लागतो आणि त्यातली काजळी साचून डांबर होतं.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. सकाळी थंड इंजिनवर चुक-चुक असा आवाज येतो जो रेस केल्यावर वेगाने वाढतो, आणि एसी बाहेरच्या हवेवर ठेवला की केबिनमध्ये धुराचा, डिझेलचा वास येतो कारण केबिनची हवा बोनेटच्या मागच्या बाजूनेच आत ओढली जाते. हा वास नुसता त्रासदायक नाही, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्यामुळे दुरुस्ती होईपर्यंत काच थोडी खाली ठेवा आणि घरच्यांना घेऊन लांब जाऊ नका. खात्री करायची तर थंड इंजिन चालू करून प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाशी साबणाचं पाणी मारा, जिथे बुडबुडे फुटतील तो लीक. आणि बघा, इथे इंजेक्टर खराब नाहीये! चारचे चार इंजेक्टर बदला म्हणून सांगणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा.

काम करायचं ते असं. आदल्या रात्री त्या डांबरावर पेनिट्रेटिंग ऑइल भरपूर मारून ठेवा, कार्बन विरघळवणारा स्प्रे असेल तर अजून चांगलं, सकाळी परत मारा. मऊ झालेला थर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि व्हॅक्यूमने ओढून घ्या, आजूबाजूला सगळं स्वच्छ झाल्याशिवाय एकही पाइप उघडायचा नाही. मग इंजिन थोडं गरम करून घ्या, कोमट पेक्षा जरा जास्त, कारण गरम इंजिनवर बोल्ट सहज सुटतो. इलेक्ट्रिक कनेक्टर काढा, वरचे रिटर्न पाइप (उरलेलं डिझेल परत नेणारे) क्लिप सरकवून काढा (ती क्लिप उडून हरवते, वर एक कापड धरा), आणि हाय प्रेशर पाइपचा नट सोडताना इंजेक्टरवरचा षटकोनी भाग दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर इंजेक्टरच फिरतो आणि आतून खराब होतो. उघड्या तोंडांना लगेच टोप्या लावा. धुळीचा एक कण पुरतो इंजेक्टर जाम करायला.

क्लॅम्पचा बोल्ट हळू, हात न झटकता सोडायचा. सुटताना करकर आवाज आला तर परत थोडा आत, परत बाहेर, ऑइल, थांबा, परत. तुटला तर घरचं काम तिथेच संपलं. तिथे ड्रिल घेऊन बसू नका, तुटलेला बोल्ट सरळ काढायला आणि आटे नवीन बसवायला जिग (ड्रिल सरळ धरून ठेवणारा साचा) लागतो आणि तो ज्याच्याकडे आहे त्यालाच बोलवा.

इंजेक्टर हाताने हलवत वर येतो का बघा. नसेल येत तर पान्याने अंगाला धरून डावी-उजवीकडे किंचित फिरवत राहा, वरच्या काळ्या इलेक्ट्रिक डोक्याला धरून कधीच नाही. अजिबात हललाच नाही तर स्लाइड हॅमर (सरकत्या वजनाचे झटके देऊन वर ओढणारं हत्यार) लागतो, तो भाड्याने मिळतो. स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटलं तर हेडच्या ॲल्युमिनियमला खड्डा पडतो, तेव्हा तो मोह टाळा.

इंजेक्टर निघाला की पहिलं काम, जुना वायसर त्याच्याबरोबर आलाय का ते बघा. बऱ्याचदा तो खाली भोकातच चिकटून राहतो आणि लोक वरून दुसरा टाकतात, दोन वायसर झाले की ते काम आठवड्यातच परत फुसफुसतं. टॉर्च मारून बघा, मोबाइलला लागणारा छोटा एंडोस्कोप कॅमेरा असेल तर उत्तम. मग तळाच्या लहान भोकात कापसाचा किंवा कापडाचा बोळा बसवा, दोरा बांधून, म्हणजे काजळी सिलिंडरमध्ये पडणार नाही आणि बोळा विसरलाही जाणार नाही. सीट, म्हणजे वायसर बसतो ती जागा, साफ करायला त्याच मापाचा रीमर (फिरवून खरवडायचं हत्यार) मिळतो, त्याला ग्रीस फासून हाताने दोन-चार फेरे, बस. काजळी निघून धातू चकचकीत दिसला की थांबायचं, सीट जास्त कापली तर इंजेक्टर खाली बसतो आणि ज्वालेची जागा बदलते.

आता ज्या गोष्टीकडे जवळपास सगळेच दुर्लक्ष करतात ती, म्हणजे बोल्टचं भोक. त्यात खाली काजळी आणि ऑइल साचलेलं असतं. वरून टॉर्क रेंच टिक म्हणतो पण बोल्ट तळाशी काजळीवर टेकलेला असतो आणि इंजेक्टरवर पुरेसा दाबच येत नाही. व्हॅक्यूमला बारीक नळी जोडून ते भोक पूर्ण साफ करा, ब्रेक क्लीनर, परत व्हॅक्यूम, आणि नवीन बोल्ट हाताने शेवटपर्यंत जातो का ते नुसता फिरवून बघा. या एका गोष्टीला पंधरा मिनिटं जास्त द्या.

जोडताना नवीन वायसर कोरडा, नवीन बोल्ट, इंजेक्टरच्या अंगाला सिरॅमिक ग्रीसचा पातळ हात (टोकाला आणि वायसरला नाही), आणि टॉर्क ७ न्यूटन-मीटर आणि मग ९० अंश फिरवणं, तरीही तुमच्या इंजिन नंबरचा आकडा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये एकदा पडताळून घ्याच. ७ न्यूटन-मीटर म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. म्हणून म्हटलं छोटा टॉर्क रेंच पाहिजे. हाय प्रेशर पाइप आधी दोन्ही टोकांना हाताने बसवून मग घट्ट करा, वाकडा बसलेला पाइप नंतर चिरतो. जो इंजेक्टर ज्या सिलिंडरचा तिथेच परत, आणि कधी नवीन किंवा रिपेअर केलेला इंजेक्टर टाकलाच तर त्यावरचा कोड कंप्युटरमध्ये भरावा लागतो, न भरता चालवलं तर आयडल खडबडीत राहतं आणि लोक परत इंजेक्टरलाच शिव्या देतात.

पहिल्यांदा स्टार्ट करताना हवा निघेपर्यंत थोडं जास्त क्रँक होईल, एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये स्टार्टरला विश्रांती. सुरू झाल्यावर काही सेकंद अडखळेल, मग साफ होईल. परत साबणाचं पाणी मारा. बुडबुडा नाही, वास नाही, म्हणजे जमलं.

वायसर ठीक आहे पण तरी एक सिलिंडर मिसिंग मारतोय, धूर येतोय, तर रिटर्न टेस्ट करा. चार पारदर्शक नळ्या, चार सारख्या बाटल्या, चारही इंजेक्टरचे रिटर्न वेगवेगळे घ्या आणि काही मिनिटं आयडलला चालवा. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल आलं तर तो इंजेक्टर आतून झिजलाय. चारही सारखे असतील तर इंजेक्टर सोडा आणि कंप्रेशन बघायला लावा.

दुसरी मोठी तक्रार, गाडी उचलत नाही. शहरात ठीक चालते पण बोरघाट चढायला लागलं की मध्येच दम संपतो, काळा धूर, तीन हजाराच्या वर आरपीएम जातच नाही, आणि बंद करून चालू केली की परत ठीक. याला लिंप मोड म्हणतात. टर्बो गेला हे वाक्य इथे हमखास ऐकू येतं. टर्बो शेवटी बघायचा. आधी टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंतचे सगळे पाइप हाताने चाचपा, खालच्या बाजूने विशेष, कारण चीर खालीच पडते आणि वरून पाइप नवा दिसतो. जोडावर ताजं ओलसर ऑइल दिसलं की तिथला ओ-रिंग किंवा सील सुटलाय. थोडा ऑइलचा ओलेपणा आत असणं नॉर्मल आहे कारण ब्रीदरची वाफ तिथेच सोडलेली असते, पण बाहेर फवारलेलं दिसता कामा नये. गॅरेजमध्ये धूर सोडून टेस्ट करतात, ती स्वस्तात होते आणि पाच मिनिटांत उत्तर देते. पाइप ठीक निघाले तर एअर मास सेन्सर, त्याचा प्लग काढून एक चक्कर मारा, चेक लाइट लागेल पण गाडी आधीपेक्षा चांगली पळाली तर संशय पक्का. त्याच्या खास स्प्रेने साफ करून बघायला हरकत नाही, कापसाने किंवा बोटाने पुसू नका. स्वस्तातला डुप्लिकेट सेन्सर घेऊ नका, तो लाइव्ह डेटात काहीही आकडे दाखवतो.

गरम झाल्यावर बंद पडते आणि अर्धा तास थांबलं की परत सुरू होते, हे वेगळंच प्रकरण, आणि यात क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन किती वेगाने फिरतंय ते कंप्युटरला सांगणारा, हा पहिला संशयित. क्रँक करताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दाखवत असेल तर जवळपास ठरलंच. गिअरबॉक्स जिथे इंजिनला जोडतो तिथे असतो, एक बोल्ट आणि एक प्लग, हात जायला त्रास आहे एवढंच. यासाठी पंप बदलायला निघालेल्या लोकांच्या गोष्टी ऐकल्यात म्हणून मुद्दाम लिहिलं.

ग्लो प्लगचं, म्हणजे थंडीत सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगचं, आपल्याकडे फार मनावर घेऊ नका. पुण्या-मुंबईच्या हवेत एक-दोन गेलेले असले तरी गाडी सुरू होते, डिसेंबरच्या सकाळी जरा थरथरते. मल्टीमीटरने रेझिस्टन्स बघा, चांगल्याचा एक ओहमच्या आसपास किंवा कमी येतो, गेलेला ओपन दाखवतो. बदलायचेच तर गरम इंजिनवर, ऑइल मुरवून, आणि सोडताना ३५ न्यूटन-मीटरच्या वर जोर नाही. नाही सुटला तर तसाच राहू द्या. तुटलेला ग्लो प्लग हेडमधून काढणं हे नव्या ग्लो प्लगच्या कितीतरी पट खर्चाचं काम आहे.

कुलंटच्या बाबतीत आपल्या लोकांची एक सवय मला खरंच त्रास देते, बाटली कमी दिसली की नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतायचं. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडच्या गॅलरीत थर धरतात. मर्सिडीजच्या अप्रूव्हलचं कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, दुसरं काही नाही. गरम असताना टोपी उघडायची नाही. थर्मोस्टॅट बदलताना जुनं कुलंट पूर्ण काढून टाका आणि गाडी घेतल्या घेतल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल एकदा तपासून घ्या, कारण या गाडीत गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरमधूनच थंड होतं. रेडिएटर आतून फुटला तर कुलंट गिअरबॉक्समध्ये जातं, आणि ऑइल दुधाळ किंवा गुलाबीसर फेसाळ दिसलं तर गाडी एक किलोमीटरही चालवू नका.

इंजिन ऑइल, बहुतेकांना वाटतं हे तर सोपंच आहे, पण तपशील आहेत. या इंजिनला ६.५ लिटर लागतं. मर्सिडीजचा अप्रूव्हल नंबर डब्यावर छापलेला पाहिजे, २२९.५ किंवा २२९.५१, आणि गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं २२९.३१ किंवा २२९.५१ हेच. फिल्टर वरूनच निघतो, टोपी ढिली करून पाच मिनिटं थांबा म्हणजे फिल्टरच्या घरातलं ऑइल खाली उतरतं, मग फिल्टर आणि टोपीवरचे सगळे ओ-रिंग नवे, टोपी २५ न्यूटन-मीटर. जुनं ऑइल डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ओढूनही काढता येतं. पण जास्त चाललेल्या आणि इतिहास माहीत नसलेल्या गाडीचं पहिल्या वेळी तरी खालून ड्रेन बोल्टनेच काढा, तळाचा गाळ आणि धातूचे कण बघायला मिळतात. बोल्टचा वायसर नवा. कंपनी काहीही म्हणो, हडपसर-हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या गाडीचं ऑइल मी आठ हजारांच्या पुढे जाऊ देत नाही, कारण तिथे किलोमीटर कमी आणि इंजिनचे तास जास्त होतात. काढलेलं ऑइल गटारात नाही, ड्रममध्ये जमा करणाऱ्या गॅरेजला द्या, ते रिसायकलला जातं.

डिझेल फिल्टर बदलताना नवीन फिल्टर स्वच्छ डिझेलने भरूनच लावा, हवा कमी अडकते. जुना फिल्टर एका पांढऱ्या ताटलीत रिकामा करा आणि उजेडात बघा. पाण्याचे थेंब वेगळे दिसतात. चमकणारे चंदेरी कण दिसले तर हाय प्रेशर पंप आतून झिजतोय आणि मग मात्र घरचं काम थांबवून टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळं तपासून घ्यावं लागतं.

बेल्टकडे वर्षातून एकदा बघा, आणि त्याच वेळी क्रँकच्या पुलीकडे पण. ती दोन लोखंडी कड्यांमध्ये रबर घालून बनवलेली असते, रबराला चिरा पडल्या किंवा बाहेरचं कडं डगमगताना दिसलं तर बदला, ती तुटली की बेल्ट उडतो आणि बेल्टबरोबर पॉवर स्टिअरिंग, चार्जिंग सगळं जातं. डीमध्ये ब्रेक दाबून उभं असताना स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी इंजिन माउंट बघा, आतलं तेल गळून ते बसलेले असतात. यासाठी लोक इंजेक्टर कॅलिब्रेशन करून आलेत!

घरी काय करू नये हेही स्पष्ट लिहितो. टायमिंग चेन, हाय प्रेशर पंप उघडणं, टर्बोचा गाभा, हेड उतरवणं आणि एअरबॅगच्या वायरिंगला लागून असलेलं काहीही. यात हिमतीचा प्रश्न नाही, या कामांना लॉकिंग टूल, स्वच्छ खोली आणि मोजमापाची हत्यारं लागतात. पण तिथे जातानाही रिकाम्या हाताने जाऊ नका. तुमच्या वहीतले आकडे, साबणाच्या टेस्टचा व्हिडिओ, रिटर्न टेस्टच्या चार बाटल्यांचा फोटो मेकॅनिकसमोर ठेवा. चांगला मेकॅनिक असेल तर त्याला आनंद होतो, त्याचे दोन तास वाचतात. जो ते बघायलाही तयार नाही त्याच्याकडे गाडी सोडू नका.

काम झाल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर घराजवळच फिरवा. थंड झाल्यावर बोनेट उघडून इंजेक्टरची बुडं, पाइपचे जोड, ऑइल आणि कुलंटची लेव्हल परत बघा. सगळं कोरडं असेल तर वरचं प्लास्टिक कव्हर लावा. तोपर्यंत ते काढूनच ठेवलेलं बरं, लीक सुरू झाला तर लगेच डोळ्यांना दिसतो. कव्हर लावल्यावरही दर ऑइल चेंजला ते एकदा उचलून आत टॉर्च मारायची, काळा ठिपका दिसला की त्याच आठवड्यात नवीन वायसर आणि बोल्ट मागवायचे.